ओढत नाही

सकाळी वर्कशॉपच्या फाटकात साहेबांनी तिला गाठलं आणि चालता चालताच, मागे वळूनही न बघता सांगितलं, "बाई, तुमचं काम झालं बरं का. बदली मंजूर. वरच्या धरणावर. पुढच्या महिन्यापासून." आणि ते केबिनमध्ये शिरलेसुद्धा. ती पान्यांची पेटी हातात धरून तशीच उभी राहिली. कसली बदली, असं तिला क्षणभर खरंच वाटलं. मग आठवलं. मागच्या थंडीत मागितली होती. मागताना किती निकराने मागितली होती, आणि मग वाट बघून बघून तो निकर कुठल्याशा कोपऱ्यात गंजून गेला होता. आता आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईटही वाटलं नाही. भूक मेल्यावर कुणी ताट पुढे सरकवावं तसं काहीतरी वाटलं, आणि पेटी जड आहे हे जाणवलं, म्हणून तिने ती खाली ठेवली. मग पुन्हा उचलून उताराकडे निघाली, कारण तिथे बोट उभी होती आणि आज तिचा निकाल लावायचा होता.

बोट चौथ्यांदा आली होती. या गावातली नदी रुंद, पण उथळ. मधे वाळूचे पट्टे वर आलेले. साध्या बोटीचा पंखा इथे महिनाभरही टिकत नाही, म्हणून या काठावरून त्या काठावर माणसं न्यायला जेट बोटी ठेवलेल्या. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढायचं आणि शेपटाकडून जोराने मागे फेकायचं, की बोट पुढे जाते. वेगळं सुकाणू नाही. मागे फेकलेली धार डावी-उजवी वळवायची, तेच सुकाणू. म्हणजे धार गेली की बोट नुसती अडत नाही, तिला दिशाही राहत नाही. काल संध्याकाळी तेच झालं होतं. भरलेली बोट घाट सोडून जरा पुढे गेली आणि अडली, आणि प्रवाहाने तिला आडवी करून पुलाच्या खांबाकडे नेलं. लंबू खलाशाने बांबू लावून ती कशीबशी बाजूला ढकलली. कठड्यावर हात ठेवून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईची बोटं चेपली. साहेब रात्रभर झोपले नसावेत. फाटकातल्या बोलण्याच्या आधी, पहाटेच केबिनमध्ये बोलावून ते तिला म्हणाले होते, "बाई, एक तर दोष बोटीत आहे, नाही तर चालवणाऱ्यात. आज मला वर काहीतरी कळवावंच लागेल. तुम्ही म्हणाल ते कळवतो." मग त्यांनी मान खाली घातली, कारण चालवणारा तिचा नवरा होता. घाटावर सगळे त्याला कप्तान म्हणत. तिला इंजिनबाई म्हणत. दोघांची थट्टा करायला पूर्वी लोकांना बरं सापडायचं. इंजिनाशिवाय कप्तान कुठे जाणार, वगैरे. हल्ली कुणी करत नसे. थट्टा करण्यासारखं दोघांमध्ये काही दिसत नसावं.

पहिल्या वेळी बोट आली तेव्हा जाळीत पाणवेलींचा गुंताडा आणि एक अख्खी गोणपाटाची पिशवी निघाली होती. तिला वाटलं, संपलं. दुसऱ्या वेळी तिने पंप उघडला. पाणी फेकणारा आतला पंखा, इंपेलर, आणि त्याच्याभोवतीची रिंग यांच्यात वाळूने घासून फट पडली होती. त्या फटीतून जोर निसटतो. तिने रिंग बदलली, इंपेलरची पाती तासून सारखी केली, आणि स्वतः नदीत फेरी मारून आली. बोट लोण्यातून सुरी जावी तशी गेली. चार दिवसांनी नवरा घाटावरून ओरडून म्हणाला, "ओढत नाही." तिने डिझेलचे फिल्टर बदलले, हवेचा बदलला, इंधनाची नळी कुठे हवा घेते का ते तपासलं, इंजिन तापतं का बघितलं. पुन्हा फेरी मारली. पुन्हा लोणी. आणि पुन्हा "ओढत नाही." या धंद्यात पहिला प्रश्न एकच असतो. बोट जात नाही, तेव्हा इंजिनाचा वेग चढतो की पडतो? चढत असेल आणि बोट जात नसेल तर दोष पंपात, पडत असेल तर इंजिनात. हे तिने दोघांनाही विचारलं होतं. "बसतं," नवरा म्हणाला होता. "अंगातलं बळ गेल्यासारखं बसतं. तळाला घरघर असते ना, तीच जाते." आणि लंबू, त्याच बोटीवर, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा राहणारा लंबू म्हणाला होता, "बसतं कसलं इंजिनबाई, किंचाळतं! कान फाटायची वेळ येते." लंबूला सगळंच वाढवून सांगायची सवय. तिने नवऱ्याचं ऐकलं होतं, आणि म्हणून इतके दिवस इंजिनाच्या मागे लागली होती.

नवऱ्याचं ऐकण्याला कारण होतं. लग्नाच्या आधी, ती इथे नवीन लागलेली असताना, तो एकदा वर्कशॉपमध्ये आला होता, चालू इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरली होती आणि डोळे मिटून उभा राहिला होता. तिला हसू आलं होतं. "तिसऱ्या सिलिंडरला बघा," तो म्हणाला होता, "तिथे कुणीतरी कुजबुजतंय." तिने बघितलं; तिसऱ्याचाच व्हॉल्व्ह गळत होता. कुजबुजतंय हा शब्द तिला त्या रात्री झोप लागेपर्यंत पुरला होता. पुढे कित्येक वर्षं तो बोट कानानेच चालवत आला. इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या समोरच्या काट्याकडे त्याने कधी बघितलं नाही, काटा म्हणजे बहिऱ्यांची सोय, असं म्हणायचा. घरीही तसंच. ती जिना चढायला लागली की आतून म्हणायचा, आज डावी चप्पल तुटलीय वाटतं. तिला तेव्हा वाटायचं, आपल्याला इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलेलं नाही, आईनेही नाही.

ते कधी बंद झालं, हे तिला सांगता आलं नसतं. असं काही एका दिवशी होत नाही. ती ओट्याशी काम करता करता काहीतरी बोलायची आणि मागून उत्तर यायचं नाही. वळून बघितलं तर तो खुर्चीत, खिडकीबाहेर नजर. पुन्हा म्हटलं तर "हं." लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तिचे फोन यायचे, तो दोन वाक्यं बोलून फोन हिच्या हातात द्यायचा. "बाबा माझ्यावर रागावलेत का गं?" लेकीने एकदा विचारलं होतं. तिने म्हटलं होतं, तुझ्यावर नाही. मग कुणावर, ते दोघींनीही बोलून दाखवलं नाही. पहिल्यांदा ती चिडली, भांडी आपटून बघितली, मग रुसून बघितलं, त्याचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही म्हटल्यावर मग तिने बोलणंच कमी केलं. डिझेल जपावं तसं. लागेल तेवढंच. जेवायला बसा. वीज गेली. मी निघते. घरात एक प्रकारची शांतता आली आणि ती शांतता दमवणारी होती. दिवसभर इंजिनांच्या आवाजात ती जेवढी दमत नसे तेवढी संध्याकाळी त्या खोलीत दमायची. मागच्या थंडीत एकदा भांडी घासता घासता, नळ चालू असताना, पाठमोरीच ती म्हणाली होती, "मी धरणावर बदली मागितलीय. तिकडे राहायला खोली देतात. तुम्हाला चालेल ना?" हे वाक्य तिने दिवसभर मनात घोळवलं होतं. तो काय म्हणेल, का म्हणून विचारेल, मग आपण काय म्हणायचं, सगळं. मागून आवाज आला, "हं." तिने नळ बंद केला. थोडा वेळ थांबली. तो पुढे काही बोलला नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांचं मोल एका हं मध्ये झालं, असं तिला वाटलं, आणि तिने ओले हात पदराला पुसले.

आज तिने ठरवलं, आपण चालवायची नाही. आजपर्यंत प्रत्येक चाचणी तिने स्वतः घेतली होती, तीही रिकाम्या बोटीवर. बोट त्रास देते भरलेली असताना, त्याच्या हातात. तिने माणसांऐवजी वाळूची पोती मागच्या बाकांवर रचून घेतली, लंबूला बोलावलं, आणि नवऱ्याला खुणेने म्हटलं, चला. स्वतः इंजिनाच्या झाकणावर बसली. खालून ओळखीची ऊब येत होती. पाणी राखाडी, सकाळचं ऊन त्यावर तेलासारखं पसरलेलं. घाट सोडला, बोट संथ निघाली, आणि मोकळ्या पाण्यात आल्यावर नवऱ्याने वेगाचं हँडल पुढे लोटलं.

इंजिन किंचाळलं. खरोखर किंचाळलं. तिचे हात आपोआप कानांवर गेले. शेपूट जड होऊन खाली बसली होती, तोंड वर आलं होतं, आणि हँडल एकदम लोटल्याबरोबर पंप पाण्याऐवजी हवा आणि फेस गिळायला लागला होता. मागे धार नव्हतीच, नुसता पांढरा फेस. यात नवल काही नव्हतं. भरलेल्या जेट बोटीला घाई केली की असं होतं. चालवणारा तो चिरका आवाज ऐकतो, हँडल मागे घेतो, पंपाला पाण्याचा घास घेऊ देतो आणि मग हळूहळू वाढवतो. शिकाऊ माणसालाही हे शिकवावं लागत नाही, त्याचे कानच त्याला शिकवतात. "कप्तान, कमी करा! कमी करा!" लंबू ओरडत होता. नवरा समोर बघत उभा होता. चेहऱ्यावर कसलाही ताण नाही, फक्त थोडी निराशा. त्याने हँडल आणखी पुढे लोटलं. काटा लाल पट्ट्यात जाऊन थरथरत होता. मग त्यानेच कंटाळून हँडल सोडलं, बोट आडवी व्हायला लागली, आणि तो मान जराशी वळवून शांतपणे म्हणाला, "बघितलंस? पुन्हा बसलं."

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. एका बोटीवरची दोन माणसं दोन वेगळी इंजिनं ऐकत होती आणि दोघंही खरं सांगत होती. पंपाने हवा गिळली की इंजिनावरचा भार जातो, तळाची घरघर थांबते आणि वरचा चिरका आवाज चढतो. तो वरचा आवाज ज्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्याला काय कळणार? एवढंच, की घरघर गेली. म्हणून तो आणखी जोर देत होता. "अहो," ती म्हणाली. तो हलला नाही. "अहो," ती जरा मोठ्याने म्हणाली. मग तिने नेहमीच्या आवाजात, ओट्याशी बोलायच्या आवाजात म्हटलं, "मागे आग लागलीय." लंबू ताडकन उठला. तिने त्याला हाताने बस म्हटलं. नवरा समोरच्या पाण्याकडे बघत होता, त्याच्या मानेवर एक माशी बसली होती, ती त्याने उडवली. त्या एवढ्याशा क्षणात तिला ओट्यामागची ती सगळी वर्षं एकदम दिसली, पण उलट्या बाजूने, खुर्चीच्या बाजूने: कुणीतरी पाठमोरं उभं आहे, त्याचे खांदे हलतायत, ते काही म्हणतंय की नुसतं घासतंय ते कळत नाही, आणि वळून बघेल तेव्हा चेहरा चिडलेला असेल एवढंच माहीत आहे.

ती उठली, त्याच्या शेजारी गेली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. हँडल त्याच्या हातासकट मागे घेतलं. थांबली. पायाखालच्या फळ्यांत घरघर परत आली. मग हळूहळू पुढे. बोटीने पाणी धरलं, शेपूट उचलली, मागे जाड धार उभी राहिली आणि वाळूची पोती घेऊन ती सरळ निघाली. त्याने तिच्या हाताकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि तिथेच बघत राहिला, ओठांवर. किती दिवसांनी तो असा बघत होता. तिने काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "कळलं ना तुला."

वाळूच्या पट्ट्याला बोट टेकवून तिने इंजिन बंद केलं. लंबूला काय वाटलं कुणास ठाऊक, तो बांबू घेऊन टोकाला गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. "कधीपासून?" तिने विचारलं. "आधी पाखरं गेली," तो म्हणाला. "मी म्हटलं, झाडं तोडलीत, गेली असतील. मग फोनची घंटा. मग लेक. तिचा आवाज बारीक आहे ना. तुझा जाडाभरडा, तू बरीच टिकलीस." हे बोलताना तो हसला, आणि तिलाही हसू आलं, आणि हसू आलं याचा रागही आला. "सांगायचं नाही का?" "कुणाला सांगू? तुला सांगितलं असतं तर तू बोटीवर जाऊ दिलं असतंस?" तिने दिलं नसतं. "मला वाटलं, इंजिन तरी ऐकू येतंय," तो म्हणाला. "इंजिन माझं आहे, ते जाणार नाही. खरंच वाटलं गं. मला वाटलं, इंजिनच म्हातारं झालंय." कालच्या म्हाताऱ्या बाईच्या बोटांबद्दल दोघंही बोलले नाहीत, पण त्याची नजर कठड्याकडे गेली होती.

मग तिने त्याच्यासमोर नीट उभं राहून, एकेक शब्द सुटा करून बदलीचं सांगितलं. सकाळी मंजूर झाली. मागच्या थंडीत मागितली होती. तुम्हाला विचारलं होतं. "मी काय म्हटलं?" "हं म्हटलंत." "ऐकू आलं नाही की मी हं म्हणतो," तो म्हणाला. "हं म्हटलं की माणसं पुन्हा विचारत नाहीत." मग जरा घाबरून, "आणखी कशाकशाला हं म्हटलंय मी?" ती आठवायला लागली. लेकीने वसतिगृह सोडून मैत्रिणींबरोबर घर घेतलं त्याला. तिच्या धाकट्या भावाच्या आजारपणाला. एकदा रात्रीच्या अंधारात विचारलेल्या एका प्रश्नाला, जो तिला आता उजेडात, लंबूच्या पाठीमागे, मोठ्या आवाजात उच्चारता आला नसता. "बऱ्याच गोष्टींना," ती म्हणाली.

परत येताना तिने ठरवलं होतं की साहेबांना आपण सांगायचं, बेताने, शब्द जपून. पण तो तिच्या पुढे गेला आणि सरळ केबिनमध्ये शिरला. दार लागलं. पण आपला आवाज किती मोठा होतो याचा अंदाज त्याला राहिलेला नव्हता, आणि वर्कशॉपमध्ये जेवढी माणसं होती तेवढ्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. "साहेब, बोट ठणठणीत आहे. मलाच ऐकू येत नाही." काचेआड साहेब हाताने त्याला बसा, बसा म्हणत होते. तो बसला नाही. "बोट तिच्याकडे द्या किंवा लंबूकडे द्या. त्याचे कान चांगले आहेत." लंबूने मान खाली घातली आणि उगाचच दोर गुंडाळायला लागला. तिला वाटलं, आपण आत जायला हवं. पण ती पंपाच्या जुन्या रिंगवर बसून राहिली. इतके दिवस ती एक दोष शोधत होती, आणि दोष सापडला की माणसाला हलकं वाटतं. या वेळी तसं झालं नव्हतं. साहेब बाहेर आले, तिच्याजवळ थांबले. "बाई, मग बदलीचं तुम्ही…" "घरी विचारून सांगते," ती म्हणाली.

बदली पुढे तिने घेतली नाही, आणि त्याला घाटाच्या दुसऱ्या टोकाला माणसं चढवण्या-उतरवण्याचं काम मिळालं, जे त्याला कधीच आवडलं नाही. कानाला यंत्र आलं, ते तो निम्मा वेळ खिशात ठेवायचा, कारण त्यातून सगळं पत्र्यासारखं वाजतं म्हणे. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी काहीच ठरलं नव्हतं. दोघं घरी आली, तिने दिवे नेहमीपेक्षा जास्त लावले, चहा टाकला आणि ओट्याकडे पाठ करून त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. बोलायचं म्हटलं तर फार होतं. पण सगळं मोठ्याने बोलायचं म्हणजे काय, हे तिला आता कळायला लागलं. तक्रार मोठ्याने करता येते. मला दिवसभर तुमची आठवण आली, हे ओरडून म्हटलं की ते तक्रारीसारखंच वाजतं. आपण दमलोय हे तिने तीनदा सांगितलं आणि तिसऱ्या वेळी ती त्याच्यावर खेकसली, असं तिचं तिलाच वाटलं. घसा दुखायला लागला.

त्याने कप बाजूला ठेवला. "एक विचारू?" तो म्हणाला. "बदली मागितलीस ती मला सोडून जायला मागितलीस का?" या प्रश्नाला जपून, हलक्या आवाजात द्यायची कितीतरी उत्तरं तिच्याजवळ होती. ती सगळी त्याच्यापर्यंत पोचली नसती. "हो!" ती ओरडली. "तुम्ही बोलतच नव्हता! मला वाटलं, मी तुम्हाला नकोय!" "मला वाटलं, तूच बोलायची थांबलीस!" तोही ओरडला, आपण ओरडतोय हे न कळता. "मी वाट बघायचो, तू वळून बोलशील म्हणून!" "मग सांगायचं होतं, वळ म्हणून!" "आता सांगतोय!"

दाराची घंटा वाजली. त्याने ती ऐकली नाही. तिची मान वळलेली बघून त्याने दाराकडे बघितलं. तिने दार उघडलं. दारात शेजारीण उभी होती, हात ओले, पदर खोचलेला, चेहऱ्यावर काळजी आणि थोडं कुतूहल. इतकी वर्षं या घरातून कधी वरचा आवाज आला नव्हता. "सगळं बरं आहे ना?" तिने आत डोकावत हळूच विचारलं. "नाही, आवाज येत होता म्हणून… भांडण चाललंय का?"

"नाही हो," ती म्हणाली. डोळे पुसायला तिने हात वर केला, तर बोटांना अजून ग्रीसचा वास होता. "बोलतोय आम्ही."

शेजारणीला ते पटलं नसावं. ती जिना उतरताना दोनदा वळून बघत गेली. ही दार लावून आत आली. तो तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. तिने खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि घसा साफ केला.